मणक्याची गादी आणि ताणाचे यंत्र : पैसे भरण्यापूर्वी वाचावे



मागच्या हंगामातली गोष्ट आहे. आपल्याच कार्यक्षेत्रातले एक सभासद उसाच्या बिलापोटी उचल मागायला कार्यालयात आले. वय चाळिशीच्या आतबाहेर, अडीच एकर ऊस, स्वतः राबणारा माणूस. बेण्याची ट्रॉली उतरवताना कमरेत चमक निघाली आणि ती कळ कुल्ल्यावरून थेट पोटरीत उतरली. शहरात एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले, "गादी सरकलीय. ऑपरेशन नको. यंत्रावर मणका ताणून घ्या. वीस बैठका, पैसे आगाऊ." माणूस कळवळत होता. आम्ही जास्त काही विचारले नाही. अर्जावर शिफारस लिहिली, उचल मंजूर झाली.

महिन्याभराने ते पुन्हा आले. कळ बरीच कमी होती, म्हणून खुशीत होते. पण व्हरांड्यातून आत येताना उजवी चप्पल दोनदा पायातून निसटली आणि दोन्ही वेळा त्यांना पत्ता नाही. शिपायाने हाक मारून दाखवली. नशिबाने कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तिथेच होते. त्यांनी सांगितले, "टाचांवर उभे राहा." डावा चवडा वर उठला, उजवा उठेना. त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, ऑपरेशन झाले. आज ते शेतात जातात-येतात, पण उजव्या पायाचा अंगठा अजून पुरता उठत नाही. बांधावर पाय अडखळतो.

"चप्पल निसटायला लागून तीन आठवडे झाले होते साहेब," ते म्हणाले. "म्हटलं, चप्पलच ढिली झालीया."

शिफारस आमचीच होती. म्हणून हा लेख.

गादी म्हणजे काय?

आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये एकूण २३ गाद्या असतात. प्रत्येक गादी गाडीच्या टायरसारखी समजा. बाहेर चिवट थरांचे कडे, आत मऊ, पाणीदार गर. वयाबरोबर गर सुकत जातो आणि कड्याला चिरा पडतात. मग एखाद्या दिवशी वाकून ओझे उचलताना गर फुगवटा धरतो किंवा फुटून बाहेर येतो. गादी 'सरकते' ती अशी. आख्खी गादी जागची हलत नाही. बाहेर आलेला गर शेजारच्या नसेला टेकला की कमरेची कळ पायात उतरते, मानेची हातात. हाच गर पायाच्या कळेचे कारण असतो, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ साली नीट मांडले.

कमरेतल्या अगदी खालच्या दोन गाद्यांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण अंगाचा आणि ओझ्याचा भार तिथेच येतो. १९९९ साली जर्मनीत एका ४५ वर्षांच्या निरोगी माणसाच्या गादीत बारीक मापक बसवून दाब मोजला गेला. नुसते उभे राहिल्यावर जो दाब होता, तो पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना साडेचार पटींहून अधिक झाला. तेच वजन उभ्याने छातीशी धरल्यावर मात्र दाब दुपटीच्या आसपास राहिला. उसाची मोळी, खताचे पोते, बेण्याची पाटी, सगळ्यांना हाच हिशोब लागू आहे.

यंत्र काय करते?

मणका ताणणे ही जुनीच विद्या. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून फळीवर बांधून ओढण्याची पद्धत आहे, आणि आपल्याकडे दवाखान्यात 'वजन लावतात' तेही तेच. नवे यंत्र म्हणजे दोन भागांचे टेबल. छातीला आणि कमरेला पट्टे बांधतात, खालचा भाग सरकतो, संगणक ताण हळूहळू वाढवतो, थोडा वेळ धरतो, सैल सोडतो, पुन्हा वाढवतो. अर्ध्या तासाची बैठक, अशा वीस-पंचवीस. मानेसाठी डोके धरणारी खोबण असते.

म्हणणे असे की ताणामुळे गादीतला दाब उतरतो आणि बाहेर आलेला गर आत ओढला जातो. यातला पहिला अर्धा भाग अगदीच हवेतला नाही. १९९४ साली अमेरिकेत अशा टेबलावरच्या मोजक्या रुग्णांच्या गादीत दाब मोजला, तेव्हा तो शून्याच्या खाली गेलेला आढळला. पण टेबलावर झोपलेले असताना दाब उतरणे वेगळे, आणि उठून पुन्हा कामाला लागल्यावर दुखणे बरे झालेले असणे वेगळे. मोटार पाणी ओढते म्हणून ऊस पिकलाच, असे आपण म्हणत नाही.

उसाचा उतारा काट्यावर कळतो, तसा औषधाचा गुण चाचणीत कळतो. २०१३ साली ताण-उपचाराच्या ३२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत सगळे मिळून २७६२ रुग्ण होते. निष्कर्ष असा की कंबरदुखीवर, पायात कळ असो वा नसो, ताणाचा परिणाम नगण्य. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शनाने २०१६ साली कंबरदुखीला ताण देऊ नये असे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी ताण आणि कमरेचे पट्टे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत असा सल्ला दिला. मानेच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. २०१४ सालच्या ८६ रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत व्यायामाच्या जोडीला यंत्राचा ताण दिलेल्यांना अधिक फायदा झाला. व्यायामाच्या जोडीला, हे शब्द विसरू नयेत.

मग लोक बरे होतात ते कसे?

"आमच्या पाहुण्याला यंत्रानं गुण आला," असे सांगणारे भेटतील. ते खोटे बोलत नाहीत. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. गर जितका जास्त फुटून बाहेर, तितका तो विरघळून जाण्याचा संभव जास्त. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरते. वीस बैठकांनाही तेवढेच आठवडे लागतात. पाऊस आपल्या वेळेला येतो आणि श्रेय कावळ्याला मिळते.

ऑपरेशनबद्दलही तोल सांभाळून बोलले पाहिजे. हॉलंडमध्ये पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांचे लवकर ऑपरेशन केले, निम्म्यांना थांबवले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत शेकडा ९५ लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांना मात्र शेवटी ऑपरेशन करावेच लागले. म्हणजे थांबता येते, पण डोळे उघडे ठेवून.

आणखी एक. एम.आर.आय.च्या कागदावर 'गादी फुगलेली' असे दिसले म्हणून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या शंभरांपैकी तिसांच्या गाद्या तशा दिसतात, ऐंशीच्या वयात चौऱ्याऐंशींच्या. फोटो आणि दुखणे यांचा मेळ डॉक्टरांनी तपासून घालायचा असतो.

कधी थांबायचे नाही

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. यंत्र नको, मालीश नको, हाडवैद्याचा झटका तर मुळीच नको.

१. लघवी अडणे, किंवा लघवी-शौचावर ताबा न राहणे.
२. मांड्यांच्या मधल्या, खोगिरावर बसतो त्या जागेला बधिरपणा.
३. पायात वा हातात शक्ती कमी होणे. चप्पल नकळत निसटणे, टाचांवर किंवा चवड्यांवर उभे राहता न येणे, सदऱ्याचे बटण लावता न येणे. कळ कमी झाली आणि शक्तीही गेली, तर ते बरे होणे नव्हे.
४. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्रीची न थांबणारी वेदना. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आहे, तो विसरू नये.
५. पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचे दुखणे.

मणका मोडलेला, हाडे फार ठिसूळ झालेली, मणक्यात जंतुसंसर्ग किंवा गाठ, किंवा बाई गरोदर असेल, तर ताण देणे धोक्याचेच.

घरी काय करावे?

दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नये. झेपेल तेवढे चालावे. शेक घ्यावा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, कारण दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून ते घरी नेमाने करावेत. ओझे उचलताना गुडघ्यात वाकावे, ओझे अंगाशी घ्यावे, कमरेतून पिळा देऊन फेकू नये. पोते दोघांनी उचलावे, त्यात कमीपणा नाही.

आता कार्यालयाचे. दवाखान्याच्या उचलीला आम्ही नाही म्हणणार नाही. तो पैसा तुमच्याच घामाचा आहे. पण यापुढे अर्जाबरोबर चार प्रश्न विचारले जातील. पायाची-हाताची शक्ती कुणी तपासली का? दुखणे सुरू होऊन किती आठवडे झाले? व्यायाम केला का? बैठका मध्येच थांबवल्या तर उरलेले पैसे परत मिळतील का? उत्तरे नसतील तर आधी कारखान्याच्या दवाखान्यात दाखवून यावे. ऑपरेशन सांगितले असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला अवश्य विचारावे.

हा लेख वाचून झाला की उठा आणि भिंतीला हात टेकून एकदा टाचांवर उभे राहा. घरातल्या कमरेच्या रोग्यालाही उभे करा. याला पैसे पडत नाहीत. ज्यांची ही हकिगत आहे, त्यांनी ती छापायला स्वतःहून परवानगी दिली. म्हणाले, "नाव नका घालू, पण चपलेचं तेवढं घाला."