वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं असली तर मार्क कमी होतात का?

पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर. इथल्या शाळांत आगरी-कोळी घरांतली मुलं सापडतील, घाटावरून आलेल्या कुटुंबांतली सापडतील आणि घरी भोजपुरी किंवा मल्याळम बोलणारीही. आतल्या गावांतल्या झेडपी शाळांत कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची मुलं येतात.

आरटीईचे प्रवेश सुरू झाले की काही पालक हळूच विचारतात, 'अशा मुलांमुळे आपल्या मुलाचा अभ्यास बिघडणार नाही ना?'

कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत पहिल्या प्रवेशाच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने यातून पळवाट काढली होती. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट! मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला.

आता मूळ प्रश्न. त्याचं बरंचसं उत्तर दिल्लीत मिळालंय. तिथल्या महागड्या शाळांत गरीब मुलांना प्रवेश देणं 2007 पासून बंधनकारक झालं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्याचा अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत मुलांच्या गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत किंचित घट झाली, आणि हो, वर्गात शिव्या थोड्या वाढल्या. पण हीच मुलं जास्त उदार झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला टाळण्याचं प्रमाणही कमी झालं.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरानुसार पाडले होते. ज्यांच्या गटात गरीब मुलं आली, त्यांच्यात बदल स्पष्ट दिसला. म्हणजे नुसतं एका छताखाली असून भागत नाही, सोबत बसून काम करावं लागतं.

हा अभ्यास गरीब-श्रीमंतांचा होता. जातीचं काय? उत्तर प्रदेशात मॅट लोव यांनी तरुणांची क्रिकेट लीग भरवली. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांमध्ये तसं झालं नाही, उलट नुकसानच झालं.

म्हणून पालकसभेत पहिल्या नंबराच्या आधी हे विचारा: बाकं बदलतात का? गट कोण ठरवतं? मुलांवर सोडलं तर आपापल्या बिल्डिंगची मुलं एकत्र बसतात, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं.

कातकरी मुलांची अडचण याहून मोठी आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही सोबत जातात. ओळख जमू लागते तोच बाक रिकामं होतं. आईवडील कामावर गेले तरी मूल गावातच राहून शिकावं, म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तुमच्या जवळच्या झेडपी शाळेत ती सुरू आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारता येतं.