तापमापकांच्या तारांची मांडणी व जोडणी

कोकणातील हापूस आंबा मोठ्या प्रमाणावर नवी मुंबईतील वाशीच्या बाजारात येतो. परदेशी जाणाऱ्या आंब्यासाठी महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाने वाशी येथेच उष्णजल, उष्णबाष्प व विकिरण प्रक्रियेच्या सोयी उभारल्या आहेत. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला. त्या सुमारास युरोपास पाठवावयाचा आंबा ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. अशा प्रक्रियेत योग्य तापमान राखणे जितके आवश्यक, तितकीच त्याची अखंड नोंदही आवश्यक असते. नोंद तुटल्यास प्रक्रिया पुरी झाल्याचा पुरावा उरत नाही, आणि पुष्कळदा याचे कारण एखादा सैल स्क्रू हेच असते.

पद्धतीचे स्वरूप

शीतगृहे, पॅकहाऊस व हरितगृहे यांतील अनेक मापके एकाच नियंत्रकास जोडण्यासाठी आर. एस. ४८५ ही पद्धत वापरतात. ती १९८३ साली प्रमाणित झाली. हीत दोन तारांच्या विद्युत्‌दाबांतील फरकावरून संदेश ओळखला जातो. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने मोटारीचा उपद्रव दोहोंवर जवळजवळ सारखाच होतो व फरक कायम राहतो. कमी वेगाने संदेश सुमारे १२०० मीटरपर्यंत जातो. मूळ प्रमाणानुसार एका ओळीवर ३२ उपकरणे चालतात.

मांडणी

तार पहिल्या उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेप्रमाणे न्यावी. मधूनच लांब फाटे काढू नयेत. पाटाचे पाणी बांधावर आदळून मागे फिरते, तसा संदेश तारेच्या मोकळ्या टोकावरून परततो व पुढील संदेशात मिसळतो. म्हणून माळेच्या दोन्ही टोकांस, आणि केवळ टोकांसच, १२० ओहमचा एकेक रेझिस्टर दोन तारांमध्ये जोडावा. मधल्या उपकरणांत तो असल्यास बंद करावा. प्रत्येक उपकरणास निराळा क्रमांक द्यावा.

जोडणी

१. येणारी व जाणारी तार एकाच काढत्या-घालत्या कनेक्टरमध्ये बसवावी. मग एक मापक दुरुस्तीसाठी काढले तरी पुढील माळ तुटत नाही.

२. तारेच्या बारीक धाग्यांना पिन लग दाबून मगच ती स्क्रूखाली घ्यावी. नुसती पिळून घातलेली तार कालांतराने सैल होते.

३. तारांना ‘ए’ व ‘बी’ म्हणतात. परंतु सर्व कारखानदार ही अक्षरे एकाच अर्थाने वापरीत नाहीत. त्यांची अदलाबदल झाली तर उपकरण बहुधा बिघडत नाही, मात्र मुके राहते. म्हणून रंग ठरवून तो सर्वत्र पाळावा.

४. दोन तारांखेरीज तिसरी सामाईक तारही सर्व उपकरणांतून न्यावी. केबलवरील जाळी एकाच टोकास अर्थिंगला जोडावी.

५. ही केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच नळीतून नेऊ नये. ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावी.

६. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि शीतगृहातील दव यांमुळे सांधे गंजतात. डबी झाकणबंद असावी व तार तिच्या तळाकडून आत घ्यावी, म्हणजे पाणी तारेवरून आत उतरणार नाही.

तपासणीची सोपी रीत

सर्व उपकरणांची वीज बंद करून माळेच्या एका टोकास दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावावा. सुमारे ६० ओहम आल्यास दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत व तार सलग आहे असे समजावे. सुमारे १२० आल्यास एक रेझिस्टर नाही किंवा वाटेत तार तुटली आहे. सुमारे ४० आल्यास तिसरा रेझिस्टर कोठेतरी राहिला आहे. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस चिकटल्या आहेत.

ही तपासणी काही मिनिटांत होते व तीस साधा मल्टिमीटर पुरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आंब्याच्या हंगामापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा ती शेतकरी बंधूंस करून दाखवावी, आणि आलेला आकडा तारखेसह डबीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास त्या आकड्याशी ताडून पाहता दोष कोठे आहे ते लवकर कळते.