कोयता निघतो, लेकरू मागे राहतं

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, तवा-परात, बाजरीचं पोतं, गोधड्या, कडेला बांधलेली एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी या डोंगरपट्ट्यातून लाखो माणसं सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता लागलेला असतो. पोराबाळांचं काय करायचं ते त्यानंतर ठरतं. तान्हं असेल तर सोबत न्यायचं. पोरगी बारा-तेराची असेल तर तिलाही न्यायचं, म्हणजे तान्ह्याला सांभाळेल, भाकरी थापेल. मधली, शाळेत जाणारी पोरं राहतात आजीपाशी, नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर.

ऊसतोडीवर लिहिलं-बोललं गेलं नाही असं नाही. २०१९ साली इथल्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, चौकशी समिती आली, सर्वेक्षण झालं. मागे राहिलेल्या लेकराची चौकशी मात्र दोन प्रश्नांवर आटोपते: जेवायला मिळतं ना, आणि शाळेच्या पटावर नाव आहे ना? दोन्हीचं उत्तर हो असलं की लेकरू ठीक आहे असं धरलं जातं.

ते ठीक नसतं तेव्हा काय दिसतं? बहुतेक वेळा पोटदुखी. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, दुपारी विटीदांडू खेळताना दुखत नाही. आजी ओवा चावायला देते, आरोग्य केंद्रातून जंताची गोळी मिळते, आठवड्याने पोट पुन्हा दुखतं. मग ‘नाटकं करतंय’ असा शिक्का बसतो. खरी गोष्ट अशी की ते पोट खरोखरच दुखत असतं. काळजीने आतड्यांची हालचाल बिघडते, मोठ्यांचीही बिघडते. एरवी सवय सुटलेलं मूल पुन्हा रात्री अंथरूण ओलं करू लागतं. कुणी वर्गात गप्प बसून राहतं, कुणी उगाच मारामाऱ्या काढतं. गुरुजी म्हणतात लक्ष नाही, शेजारी म्हणतात आई-बापाचा धाक नाही म्हणून शेफारलंय, आणि गावात एकजण तरी निघतोच ‘बाहेरचं काही असेल, दाखवून आणा’ म्हणणारा.

आई-बापापासून तुटलेल्या लहान मुलांचं काय होतं, याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झाला. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर अहवाल लिहिला. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म काढली. तोवर तिथल्या रुग्णालयांत आई-बापांना भेटीची मोजकीच मुभा असे, कारण भेटून गेल्यावर मुलं रडतात. या दोघांनी दाखवलं की मूल आधी रडून-ओरडून निषेध करतं, मग खचतं, आणि शेवटी शांत होतं. ही शेवटची शांतता फसवी असते. मोठ्यांना वाटतं रुळलं. प्रत्यक्षात मुलाने आईची वाट पाहणं सोडलेलं असतं.

पाडव्याच्या सुमारास पट्टा पडतो आणि माणसं परत येतात, तेव्हा बीडमधल्या अनेक दारांत हे पाहायला मिळतं. आई ट्रॉलीतून उतरते, हात पसरते, आणि चार वर्षांचं पोर आजीच्या पदराआड जातं. बायका हसतात, ‘विसरलं गं तुला’ म्हणतात. पण ते विसरलेलं नसतं.

बोल्बीच्या मांडणीत पुढच्या अभ्यासकांनी एक दुरुस्ती केली, ती आपल्याकडे जास्त लागू पडते. मुलाला जीव लावणारं माणूस आईच असलं पाहिजे असं नाही. रोज तेच, त्याच वेळी, तशाच मायेने असणारं एक मोठं माणूस पुरतं. म्हणजे आजी पुरते. पण या आजीकडे नीट बघा. तिने स्वतः वीस-पंचवीस हंगाम ऊस तोडलेला असतो, कंबर गेलेली असते, आणि दोन मुलांची मिळून चार-पाच नातवंडं तिच्या पदरात असतात. तिला आधार दिल्याशिवाय लेकराला आधार मिळणार कुठून? योजनांच्या कागदावर आजीचा रकाना मला कुठे दिसलेला नाही.

उपचार म्हटलं की डोळ्यांपुढे गोळ्या येतात, नाहीतर शॉक. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. लहान मुलाला समोर बसवून ‘तुला कसं वाटतं?’ विचारलं तर ते ‘बरं वाटतं’ म्हणून मोकळं होईल. म्हणून समुपदेशक सतरंजीवर बसते, खडू आणि कागद पुढे सरकवते, ‘तुझं घर काढ’ म्हणते. मूल घर काढतं, झाड काढतं, शेळी काढतं. माणसं कुठे आहेत, कुणाशेजारी कोण आहे, ट्रॅक्टर केवढा आहे, याचा अर्थ ती लगेच लावत नाही, ‘हा कोण?’ एवढंच विचारते आणि मुलाला सांगू देते. मातीची भांडी, बाहुल्या, खेळण्यातली गाडी यांच्या खेळात मूल तोच निरोपाचा प्रसंग दहादा खेळतं. दर वेळी शेवट थोडा बदलतं. जे घडताना त्याच्या हातात काही नव्हतं, ते इथे त्याच्या हातात येतं.

वय वाढलं की पद्धत बदलते. तेरा-चौदाच्या मुलाशी विचार, भावना आणि वागणं यांची साखळी उलगडता येते. ‘आई फोन उचलत नाही’ यावरून ‘तिला माझी आठवणच येत नाही’ इथवर मन कसं पोचतं, मध्ये दुसरी शक्यता होती का, फडात रेंज नसेल का? दिल्लीतल्या सरकारी शाळांत गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने एक साधी पद्धत आजमावली: अडचण एका वाक्यात सांग, पर्याय शोध, एक करून बघ. चार-पाच भेटींत काम. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी त्याने कमी झाल्या, आजाराच्या लक्षणांवरचा परिणाम मात्र तेवढा ठळक नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण समुपदेशन ही जादू असल्यासारखं बोलणारेही आता पुष्कळ झालेत.

आता हे सगळं बीडमध्ये कुठे मिळेल? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. आष्टीच्या माणसाला अंबाजोगाई म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं. गाव छोटं, एसटी तीच. ‘पोरीला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं’ ही बातमी पोरीच्या आधी घरी पोचते आणि पुढे सोयरिकीच्या वेळी निघते. त्या मानाने ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतली ‘मैत्री क्लिनिक’ बरी पडतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ती आहेत. रक्त कमी आहे म्हणून गेलं तरी समुपदेशकापाशी बसता येतं, आणि का गेली होती ते कुणाला कळत नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे.

२०१५ मध्ये राज्याने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बीड होतं. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरणार, खचलेला शेतकरी शोधणार, त्याला उपचारापर्यंत नेणार. कल्पना चांगली, पण तिचा रोख कर्त्या माणसावर. बाप गेल्यावर त्या घरातल्या पोराला काय सांगायचं, हे आशाताईला कुणी शिकवलेलं नसतं, आणि मग ‘बाबा गावाला गेलेत’, ‘देवाघरी झोपलेत’ अशी उत्तरं दिली जातात. लहान मूल ती शब्दशः घेतं. गावाला गेलेत तर येतील म्हणून वाट बघतं, झोपलेत म्हटलं तर स्वतः झोपायला घाबरतं. वयाला झेपेल एवढं पण खरं सांगावं, ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही’. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कारण आदल्या दिवशी आपण वहीसाठी हट्ट केला होता, हे त्या पोराच्या डोक्यात असू शकतं.

शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक नागरगोजे यांचं शांतिवन, गेवराईत संतोष गर्जे यांचं बालग्राम, पालीला दत्ता बारगजे यांचं इन्फंट इंडिया. या ठिकाणी अनाथ, ऊसतोड आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतली, एचआयव्हीबाधित अशी मुलं वाढली. ठरलेलं माणूस, ठरलेली वेळ आणि न बदलणारी माया हेच त्यातलं मुख्य औषध. पण जिल्हाभरच्या लेकरांचा भार तीन-चार जिद्दी कुटुंबांवर टाकून आपण मोकळं होणं बरं नव्हे.

साहजिक सूचना येते: शिक्षकांना प्रशिक्षण द्या. इथे बिहारचा एक अनुभव डोळे उघडणारा आहे. नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक सरकारी शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित तरुणांनी. दुसऱ्या गटात शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, उदासी उतरली. शिक्षकांच्या गटात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. ज्याच्या हातात गुण आणि छडी, ज्याच्या डोक्यावर निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती, त्याला पोरगं मनातलं सांगेल कशाला? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. लातूरच्या ‘नीट’च्या शिकवण्यांसाठी ते मोलाचे आहेत, तिथे बीडची पोरंही खोल्या घेऊन राहतात. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट मात्र शंभराला क्वचितच टेकतो.

मुलींचं दुखणं निराळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हे त्यामागचं एक मोठं कारण. अशी नववीतली मुलगी झोप येत नाही म्हणून आली तर तिला दीर्घ श्वास शिकवून भागत नाही. तिची भीती आजार नाही, अंदाज आहे. समुपदेशक मुलांचं बोलणं घरी सांगत नाहीत, पण ठरलेला बालविवाह किंवा लैंगिक अत्याचार समोर आला तर गप्प बसता येत नाही. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, १०९८ वर कळवता येतं, आणि अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं ‘पोक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे. हे मुलीला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलेलं बरं, नंतर विश्वासघात वाटत नाही.

आणि मुलगे? मार्च २०२५ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येची छायाचित्रं बाहेर आली आणि फोनाफोनांवर फिरली. मोठ्यांना ती बघवली नाहीत. ज्या घरात एकच फोन आहे त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराने ती बघितली का, हे विचारायचं राहून गेलं. मुलग्यांची भीती रागाचे कपडे घालून येते, म्हणून तिला औषधापेक्षा मार जास्त मिळतो.

माझ्या मते बीडमध्ये मुलांच्या मनाचं काम कॅलेंडर बघून नव्हे, कोयता बघून व्हायला हवं. दवाखान्यातल्या महिन्याच्या ठरलेल्या वारापेक्षा दोन वेळा महत्त्वाच्या: माणसं निघण्याआधीचे पंधरा दिवस आणि परतल्यानंतरचा महिना. रडारड नको म्हणून अनेक आई-बाप पोर झोपेत असताना निघून जातात. हेतू मायेचाच असतो, पण त्यानंतर ते पोर झोपायलाच भितं. निघायचा दिवस आधी सांगावा, कोण जेवू घालणार ते सांगावं, रडू द्यावं आणि जागेपणी निरोप घ्यावा. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी त्याच्याजवळ राहू द्यावी. मुलं अशा वस्तूला का धरून बसतात यावर विनिकॉट या इंग्रज डॉक्टरने ७० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आपल्या आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून ती शिवतायत. फोन रोज जमणार नाही. खाडा केला तर दंड लागतो, गाडी रात्री-बेरात्री भरावी लागते. मग बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, पण ठरलेला आणि न चुकणारा. परतल्यावर लेकरू जवळ आलं नाही तर ओढू नये, टोमणा मारू नये. शेजारी बसून निवडत-टिपत राहावं, ते येतं.

यासाठी मोठा डॉक्टर लागत नाही. हंगामी वसतिगृहात स्वयंपाकाला बाई नेमतात, तशीच गावातली बारावी झालेली, नीट प्रशिक्षण दिलेली एक ताई नेमता येईल. तिला महिन्यातून एकदा अंबाजोगाईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलता यावं, आणि कोणतं मूल आपल्या आवाक्याबाहेरचं आहे ते ओळखता यावं: जे मरणाच्या गोष्टी करतं, जेवण सोडतं, स्वतःला इजा करतं. अशा मुलाला ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

अडचण एकच. वसतिगृहांची मंजुरी वरून यायला उशीर होतो, आणि ती येईस्तोवर ट्रॅक्टर गेलेले असतात. या ताईची नेमणूक त्याच फाइलमध्ये अडकवली तर ती दिवाळीनंतर रुजू होईल. मुलांच्या याद्या गणपतीतच करायला काय हरकत आहे? कोण जाणार आणि कोण राहणार हे तोवर गावात सगळ्यांना ठाऊक असतं, मुकादमाला तर नावानिशी.