लेकीच्या नावाची पावती

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला लेकीची जर्मनीतल्या एका सेमिस्टरसाठी निवड झाली. पेढे वाटले आणि मग कळलं, व्हिसासाठी बँकेत पैसे अडकवून दाखवायचे! २०२४ मध्ये ठरलेल्या दराने महिन्याला ९९२ युरो; सहा महिन्यांचे ५,९५२. तिथे गेल्यावर ते दरमहा थोडे थोडे हातात येतात.

हे गप्पच. मी कपाटातून पावती काढली. वीस वर्षं शिवणकाम करून तिच्या लग्नासाठी साठवलेली ठेव.

"अगं, मग लग्नाचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"ते बघू. आधी जाऊन तर येऊ दे!"

आता ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकतेय, मी मेतकूट, गोडा मसाला बांधतेय. मैत्रिणींनो, मुलीसाठी साठवताना मनात 'लग्नासाठी' लिहू नका. नुसतं 'तिच्यासाठी' लिहा.