हुंडणावळीचा दर व वणीचा कापूस

वणीच्या बाजारांत कापसाचा भाव उतरला म्हणजे बहुतेक शेतकरी अडत्यास किंवा जिनवाल्यास दोष देतात. तो कित्येकदां खराहि असतो. परंतु भावाचा एक हिस्सा रुपया व परदेशी नाणें यांच्या हुंडणावळींत ठरतो, इकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

यास जुना दाखला आहे. १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असावा, अशी शिफारस केली. सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं १ शिलिंग ४ पेन्सचाच दर ठेवावा, असें भिन्न मत नोंदविलें. तथापि १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सचा दर कायम झाला. हिशेब सोपा आहे. विलायतेंत १०० पौंडांस विकल्या जाणाऱ्या मालाचे १६ पेन्सच्या दरानें १,५०० रुपये होतात. १८ पेन्सच्या दरानें सुमारें १,३३३. तिकडील भाव न बदलतां इकडे १६७ रुपयांची घट! सारा व सावकाराचें देणें मात्र रुपयांतच फेडावयाचें होतें.

आतां रुपयाचा दर कायद्यानें बांधलेला नाहीं. तो बाजारांत ठरतो. परदेशी भांडवल येथील शेअर, रोखे व कारखाने यांत गुंतविण्यास येतें, तेव्हां डॉलर देऊन रुपये घेणारे वाढतात व रुपया महागतो. २००७ च्या आरंभीं डॉलरला सुमारें ४४ रुपये पडत. भांडवलाच्या ओघामुळें वर्षअखेर ४० पेक्षांहि कमी पडूं लागले. उलट मे २०१३ मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनें आपली रोखेखरेदी कमी करण्याचें सूचित करतांच भांडवल परत फिरलें, आणि २८ ऑगस्ट रोजीं डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला.

रुपया फार महागूं नये म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेते. पण त्यांच्या मोबदल्यांत नवे रुपये बाजारांत येतात. मालाच्या मानानें चलन वाढलें म्हणजे महागाई होते. तें जादा चलन शोषून घेण्यासाठीं रोखे विकावे लागतात. त्याकरितां २००४ सालीं खास योजना सुरू झाली. त्या रोख्यांचें व्याज सरकारी तिजोरीवर पडलें. सारांश, कोणताहि उपाय फुकट नाहीं.

रुपया स्वस्त झाला म्हणजे शेतकऱ्याचें निव्वळ कल्याण, असेंहि समजूं नये. पोटॅश खत व बहुतेक खनिज तेल परदेशांतून येतें. कापसाला चार पैसे अधिक मिळाले, तरी खत व डिझेल यांत त्यांतील कांहीं परत जातात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक कास्तकारानें हंगामांत स्थानिक भावाशेजारीं परदेशी रुईचा भाव व डॉलरचा दर वहींत टिपून ठेवावा. परदेशी भाव व डॉलर स्थिर असून वणींतच भाव पडला, तर कारण येथेंच शोधावें व जाब विचारावा. डॉलर उतरल्यामुळें पडला असेल, तर अडत्याशीं भांडून उपयोग नाहीं. आणि तो चढेल या आशेवर कर्ज काढून कापूस घरांत भरून ठेवणें हा तर निव्वळ सट्टा होय.