माउस, आलेख आणि उजनीचे पाणी



पळसदेवच्या आमच्या अभ्यासवर्गात उजनीच्या बॅकवॉटरवर मासेमारी करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुले येतात. आपण दिलेल्या जुन्या संगणकांवर आम्ही त्यांना ग्नूप्लॉट शिकवतो. आकड्यांवरून आलेख काढणारे हे मोफत सॉफ्टवेअर १९८६ पासून चालत आले आहे.

पहिल्या दिवशी नववीतली एक मुलगी माउसला हातच लावेना. "सर, माझ्याकडून बिघडलं तर?" एवढेच विचारत राहिली. तिला जे सांगितले तेच येथे लिहितो.

आम्ही २०२४ सालचा उजनीचा पाणीसाठा घेतला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर उपयुक्त साठ्याची टक्केवारी. धरणाचा मृत साठा सुमारे ६३ टीएमसी आहे. पाणी त्याच्याही खाली गेले की टक्केवारी उणे होते. त्या उन्हाळ्यात ती उणे ६० च्या जवळ गेली, पाण्याखालचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले, आणि ऑगस्टमध्ये धरण भरले. ही सारी कथा एका रेघेत दिसते.

आता माउस. बाण रेघेवर नेला की खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात: पहिला दिवस, दुसरा टक्केवारी. मधली कळ दाबली की ते आकडे त्याच जागी चित्रावर उमटतात. एखादा भाग मोठा करून पाहायचा असेल, तर त्याच्या एका कोपऱ्यावर उजवी कळ दाबून सोडावी, बाण समोरच्या कोपऱ्यावर न्यावा आणि पुन्हा उजवी कळ दाबावी. मध्येच विचार बदलला तर एस्केप. कीबोर्डवरचे 'पी' अक्षर एक पायरी मागे नेते, 'यू' थेट मूळ चित्रावर आणते. 'आर' दाबले की बाणाच्या जागी मोजपट्टी रोवली जाते. मग बाण हलवला की तिथून किती दिवस आणि किती टक्के अंतर पडले, ते कळते. सगळी अक्षरे आठवत नसतील तर 'एच' दाबावे, यादी येते.

यातले काहीही मूळ आकड्यांना धक्का लावत नाही. बदलते ते फक्त आपले पाहणे. हे समजल्यावर त्या मुलीचा हात मोकळा झाला.

पण तिथेच दुसरा धडा मिळाला. एका मुलाने जूनमधले चारच दिवस मोठे केले. दोन टक्क्यांची वाढ पडदाभर उभी राहिली. "धरण भरलं!" तो ओरडला. मी 'यू' दाबायला सांगितले. ती वाढ खोल खड्ड्याच्या तळाशी असलेला छोटासा चढ होती.

ज्यांच्या झोपड्या उघड्या पडलेल्या पात्रात असतात, त्यांना पाणी रोज किती चढते हे कळणे गरजेचे आहे. आलेख मागचे वर्ष दाखवतो, उद्याचे पाणी नाही. त्यासाठी सरकारी इशाराच ऐकावा, हेही आम्ही मुलांना बजावतो. पण तो इशारा आकड्यांत येतो, आणि आता घरात ते आकडे समजणारे कोणी तरी आहे.

लॅपटॉपच्या टचपॅडवर मधली कळ नसते. आपल्या घरी चाकाचा जुना माउस पडून असेल तर जरूर पाठवा. ते चाक दाबले की मधल्या कळीचे काम होते. या मुलांना आपल्या प्रार्थनेत आठवा.