मेहकर : भाव घराचा की रस्त्याचा?

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इंटरचेंज मिळालेल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरची जमीन एकाएकी ‘मोक्याची’ ठरली. पण मोक्याच्या जागेची किंमत आणि राहत्या घराची किंमत एकाच मापाने वाढत नाही. प्लॉट घेणारा उद्याच्या आशेवर पैसे लावतो. घर घेणारा आजच्या पगारावर. मेहकरचा पगार मुख्यतः शेती, बाजारपेठ, शाळा आणि सरकारी नोकरी यांतून येतो. महामार्गाने तो आपोआप वाढत नाही.

नागपूर, संभाजीनगर जवळ आलं, मग मागणी वाढणारच, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. मात्र वेगवान रस्ता माणसं आणतो तसा नेतोही. शेजारच्या लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, पण त्याचा लाभ निवासापेक्षा पर्यटनाला अधिक. रेडीरेकनरही बाजारभाव सांगत नाही. तो मुद्रांक शुल्कासाठीचा किमान आधार. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रांत त्यात सरासरी ४.९७ टक्के वाढ झाली, एवढंच. दलालाच्या तोंडचा भाव ऐकण्याआधी त्याच गटातल्या ताज्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (नोंदणीकृत दस्ताचा उतारा) आणि जमिनीची बिगरशेती (एनए) स्थिती तपासा.